नौपाड्यातला इंग्लिश स्पीकिंग क्लास: शिकवणं झकास, पंखा एकच

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी. टाकी धुणार म्हणून नोटीस लावली, ‘ऑल पीपल्स आर रिक्वेस्टेड टू स्टोअर वॉटर.’ दुसऱ्या दिवशी त्यातल्या ‘पीपल्स’च्या एसवर कोणीतरी लाल पेनाने काट मारलेली! वय ५४, पण म्हटलं होऊन जाऊ दे, आणि नौपाड्यातल्या एका क्लासला नाव घातलं. दोन महिन्यांचे ४,५०० रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही, खाली तक्रार आहे.

सर माझ्या पोराच्या वयाचे. विचारतात, “काकू, तुम्ही ‘लोकं’ म्हणता ना?” म्हणते की, सगळं ठाणं म्हणतं. “लोक हेच अनेकवचन, वर तुम्ही अनुस्वार चढवता. पीपलला एस लावणं म्हणजे तेच.” लगेच डोक्यात शिरलं. एकटा तो पर्सन, चारचौघं झाले की पीपल, म्हणून ‘पीपल आर’. मग पर्सन्स कुठे? सरांनी अख्खी बॅच लिफ्टपाशी नेली. पाटीवर ‘८ पर्सन्स, ५४४ किलो’. म्हणजे माणशी ६८. (माझ्या वजनाचा विषय तिथे निघाला, इथे नको.) असं डोकी मोजून किंवा कायद्याच्या भाषेत लिहायचं तिथे पर्सन्स.

पीपल्स हा शब्दही आहेच, पण वेगवेगळ्या जनसमूहांसाठी. आपली राज्यघटना ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ म्हणते, सगळे मिळून एक. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत मात्र ‘वुई द पीपल्स’, कारण तिथे देशोदेशीचे लोक. टाकीच्या नोटिशीला एवढे देश आमच्याकडे राहत नाहीत.

‘पब्लिक’वर मात्र माझं सरांशी पटलं नाही. ‘टू मच पब्लिक’ इंग्रजीत चालत नाही, पीपल किंवा क्राउड म्हणा, म्हणे. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहा, तोंडातून पब्लिकच निघेल.

आता तक्रार. १२ जणांची बॅच सांगतात, बसवतात २३. पंखा एक, तोही सरांच्या डोक्यावर. झेरॉक्सचे ३०० वेगळे, आधी बोलत नाहीत. बोलायची पाळी आठवड्यातून एकदा.

मी लेखी तक्रार दिली, इंग्रजीत, ‘टू मेनी पीपल इन वन रूम’. सरांनी वाचली, म्हणाले, “व्वा काकू, एकही चूक नाही.” पंखा आहे तिथेच आहे.