फँटम वेदनेसाठी आरसा: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

डावा पाय गुडघ्याखाली काढल्यावर नसलेल्या पायाची बोटं मुडपून पेटके येणं आणि तळव्याची आग होणं, या दोन फँटम (म्हणजे नसलेल्या अवयवात जाणवणाऱ्या) त्रासांसाठी, चांगल्या पायाचं प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दाखवणारा आरसा वापरला. पेटक्यांवर उपयोग चांगला, आगीवर थोडाच, आणि खुद्द स्टंपच्या (कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकाच्या) दुखण्यावर अजिबात नाही.

हा फरक आधी ओळखायलाच हवा. स्टंपवर एका ठरावीक जागी टिचकी मारली की करंट बसतो, ती बहुधा कापलेल्या नसेच्या टोकाला झालेली गाठ, न्यूरोमा. त्यासाठी सर्जन किंवा पेन क्लिनिक गाठा. सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप बसतो तो भाग) घातल्यावरच दुखत असेल तर फिटिंग तपासून घ्या. स्टंप लाल, गरम झाला किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आरशाची कल्पना मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात मांडली. २००७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या चाचणीत रोज १५ मिनिटं, चार आठवडे असा क्रम होता. आरशात पाहून व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या; आरसा झाकून तेच व्यायाम करणाऱ्यांना तसा आराम मिळाला नाही. म्हणजे डोळ्यांना पाय दिसणं हेच औषध, आणि सगळी खटपट ते दिसणं खरं वाटावं यासाठी.

म्हणून आरसा नीट निवडा. ३ मिमीचा ॲक्रिलिक आरसा हलका, पण वाकतो. पाऊल वेडंवाकडं दिसलं की संपलं. ४ फूट बाय दीड फूट, ४ मिमी काच, मागे ६ मिमी प्लाय, कडा घासून घेतलेल्या, हे सगळ्यात बरं. वजन साधारण साडेसात किलो भरतं, त्यामुळे उचलून ठेवायला दुसरं माणूस लागतं. चौकट नको, ती नजरेत येते. आरसा उभा धरणाऱ्या टेकूचे पाय स्टंपच्या बाजूला लावा, चकाकत्या बाजूला नकोत. मऊ गादीवर आरसा कलतो. कडक दिवाण किंवा सतरंजी घ्या.

पाय लांब करून बसा. आरसा लांब कडेवर, दोन्ही पायांच्या मधे उभा; चकाकती बाजू चांगल्या पायाकडे, स्टंप पूर्ण मागे. चांगल्या पायातला मोजा, पैंजण, जोडवी काढा. आता अंग थोडं चांगल्या पायाकडे झुकवा, म्हणजे प्रतिबिंब बरोबर नसलेल्या पायाच्या जागी येतं. फँटम पाऊल ज्या स्थितीत जाणवतं, त्याच स्थितीत चांगलं पाऊल आधी ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पेटका वाढला म्हणून सोडून देतात.

पहिले चार-पाच दिवस नुसतं पाहा, पाच मिनिटं. मग घोटा खाली-वर, बोटं पसरणं-मिटणं, घोटा गोल फिरवणं. प्रत्येक हालचाल दहा वेळा, अगदी सावकाश, आणि तीच हालचाल नसलेल्या पायानेही करायचा प्रयत्न. घाई केली की फँटम पाय मागे पडतो आणि डोकं गरगरतं. मळमळ, घाम किंवा वेदना वाढली तर आरसा झाकून थांबा. सुरुवातीला रडूही कोसळू शकतं. कापलेला पाय पुन्हा दिसतोय, हे सोपं नसतं. पहिल्या दिवसांत कुणीतरी जवळ असू द्या.

टीव्ही चालू ठेवून केलेले दिवस वाया गेले. गोळीची गुंगी असतानाही तेच. प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन (नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या) चालू असेल तर बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. डोस डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायचा असतो.

चार आठवडे नेमाने करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या. दोन्ही पाय गेलेल्यांना हा आरसा चालत नाही, कारण प्रतिबिंबासाठी पायच नसतो. आठ महिन्यांनंतर आता आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं पुरतात. मधे पंधरा दिवस खंड पडला तेव्हा रात्रीचे पेटके परतले आणि पुन्हा रोज बसावं लागलं.