‘हेवी ड्यूटी’ पट्ट्यांचे ६,३७९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. तीन पट्टे, नगाला १,८५० प्रमाणे ५,५५० रुपये. कुरिअरचे १८०. वर ‘माल बदलून देण्याचे’ ६४९. एकूण ६,३७९. माल कुठला, तर मळ्यावरच्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोलीस चौकीत सगळे हसून झालेत.

जाहिरात कशी होती हे सांगायला नको. ‘आज रात्री बारापर्यंतच’, खाली एकाच वळणाच्या पन्नास कमेंट, फोन नंबर नाही, फक्त व्हॉट्सअॅप. दोन इंची रुंद, ‘अस्सल म्हशीचं कातडं’, ‘सॉलिड पितळी बकल’, ‘१००० किलो टेस्टेड’. आणि व्हिडिओत पट्ट्याला चक्क मोटरसायकल टांगलेली.

त्या व्हिडिओपाशीच कळायला हवं होतं. चाळीस किलोची कुत्री वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्याला तर नक्कीच. पट्ट्याची कडी वरच्या हुकात होती, मोकळं टोक खाली शिकंज्यात आवळलेलं आणि बकल बाजूला नुसतं लोंबत होतं. म्हणजे सगळा भार कातडी पट्टीवर, बकलवर शून्य! पट्टा कातड्यात क्वचितच तुटतो. तो जातो बकलच्या जिभेपाशी, कडीच्या जोडात, नाहीतर रिव्हेटच्या भोकाशी. ज्या जागा तुटतात त्याच त्यांनी तपासातून वगळल्या होत्या, आणि आम्ही मोटरसायकल बघत बसलो.

दुसरं म्हणजे टांगलेलं वजन वेगळं आणि हिसका वेगळा. चाळीस किलोचं कुत्रं ताशी १८ किलोमीटरने सुटलं आणि साखळी संपल्यावर अर्ध्या फुटात थांबलं, तर सरासरी हिसकाच साधारण ३४० किलोचा बसतो. असे दिवसाला वीस-तीस. एकदा उचललेली मोटरसायकल त्यापुढे काहीच सिद्ध करत नाही.

घाई का केली, तर पावसाळा तोंडावर होता, जुने पट्टे भेगाळले होते आणि नेहमीच्या कारागिराने तीन आठवडे सांगितले होते. लोभ नव्हता हो, १,८५० काही स्वस्त नव्हे. स्वस्त असतं तर संशय तरी आला असता.

शेवटची संधी पार्सल दारात आलं तेव्हा होती. पैसे अजून हातात होते. लेबलवर वजन छापलेलं: ०.४६० किलो. आता हिशोब करा. दोन इंच रुंद, २६ इंच लांब, चार मिलिमीटर जाड कातडं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्या मापाचं भरीव पितळी बकल आणि कडी मिळून तेवढंच. एक पट्टा पाव किलोचा, तीन पट्टे पाऊण किलोचे, खोका वेगळा. लेबल सांगत होतं त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. लेबल वाचलं आणि तरीही पैसे मोजून दिले. यावर काही सबब नाही.

तिसऱ्या रात्री एक बकल जिभेच्या मुळाशी तुटलं. तुटलेला भाग बघितला तर आत पिवळं काहीच नाही, रव्यासारखा दाणेदार राखाडी जस्ताचा ओतीव तुकडा आणि वर पितळी रंगाचा मुलामा. कडी लोखंडी, वेल्ड न केलेली, दोन टोकं नुसती जवळ आणून वाकवलेली. ‘कातडं’ म्हणजे चामड्याचा चुरा डिंकात थापून वर रेक्झिनचा पापुद्रा. रिव्हेट पोकळ, अॅल्युमिनियमचे.

चुंबकावर विसंबू नका. चुंबक लोखंड पकडून देतं, पण जस्ताला ते चिकटत नाही आणि पितळेलाही नाही, त्यामुळे ओतीव जस्त त्या परीक्षेत बिनदिक्कत पास होतं. कानशीने आतल्या बाजूला एक चरा पाडा. आत पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर परत करा. विकणारा चरा पाडू देत नसेल तर उत्तर मिळालंच. कातड्याची कापलेली कड भिंगाखाली बघा, तंतू दिसले पाहिजेत. कडेचं केसभर छिलकं जाळलं की खऱ्या कातड्याला केस जळल्याचा वास येतो, रेक्झिन वितळून गोळा होतं.

नायलॉनचा पट्टाही चालतो, पावसाळ्यात तर कातड्यापेक्षा बरा, कारण लवकर वाळतो. पण बकल धातूचंच हवं. प्लास्टिकचं चिमटा-बकल उन्हात दोनेक उन्हाळ्यांत ठिसूळ होतं. शिलाई कडीच्या दोन्ही बाजूंना चौकोनात फुली अशी हवी, दोरा नायलॉनचा. सुती दोरा कुजतो.

रुंदी दीड ते दोन इंच. अरुंद पट्टा हिसक्याला गळ्यात रुततो. आवळताना पट्ट्याखाली दोन बोटं आडवी, सहज पण गच्च जावीत. तीन जात असतील तर मागे सरकणारं कुत्रं डोकं काढून घेतं. कारवानी (सडपातळ, वेगाने पळणारी देशी जात) कुत्र्याचं डोकंच मानेपेक्षा निमुळतं, त्याला साधा पट्टा कितीही नीट बांधा, निसटतो. त्याच्यासाठी कुंपणाचं आवार किंवा जाळीची खोली, साखळी नव्हे. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. पट्टा मांसात रुतून त्यात किडे पडलेली पिल्लं दवाखान्यात येतात, आणि मालक म्हणतात, केसांमुळे दिसलंच नाही.

फासाची साखळी बांधून ठेवायला कधीही वापरू नका. साखळी खुंटाला गुंडाळली गेली की फास आवळतो आणि आपोआप सुटत नाही. दोन फिरक्या (गोल फिरणारे जोड) हव्यात, एक पट्ट्याकडे, एक खुंटाकडे, नाहीतर साखळीला पीळ बसून ती दोन फुटांची होते. पट्टा कितीही भक्कम घेतलात आणि हूक बाजारातला ओतीव जस्ताचा राहिला तर तुटणार तिथेच. स्टीलची शॅकल (स्क्रूने बंद होणारी यू आकाराची कडी) लावा. बाकी दिवसभर बांधून ठेवणं हा वेगळाच गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधणंही येतं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणंही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातल्यांसाठी खिळ्यांच्या पट्ट्याबद्दल, कारण तेच ‘दुकान’ तेही विकतं. बिबट्या नरड्याला धरतो म्हणून रुंद, खिळे लावलेला पट्टा. पण ते खिळे आतून चपट्या डोक्याचे, कातड्यातून आरपार आणि आत अस्तर लावलेले हवेत. या ‘दुकाना’चे शंकू पोकळ, बाहेरून स्क्रूने बसवलेले, बोटाने फिरतात. आणि खरा पट्टाही फक्त मान झाकतो. रात्री कुत्रं वरून बंद असलेल्या पिंजऱ्यातच.

ते ६४९ कसे गेले? तक्रारीचा मेसेज टाकल्यावर ‘साहेब’ म्हणत फोन आला. बदली माल पाठवतो, डिपॉझिट भरा, माल पोचला की परत. भरले. नंतर ब्लॉक. एकदा फसलेल्याला परत फसवणं सोपं असतं, कारण त्याला पहिले पैसे सोडवायचे असतात.

मग वारी सुरू झाली. चौकीत म्हणाले, माल मिळाला ना? मग फसवणूक कुठली, ही दिवाणी बाब, कोर्टात जा. बकल टेबलावर ठेवलं तर, “कुत्र्याचा पट्टा?” आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त खोका पोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर ‘प्रायव्हसी’. फसवणाऱ्याची प्रायव्हसी! बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे रिपोर्ट केला, तर दोन दिवसांनी उत्तर, नियमभंग आढळला नाही. तीच जाहिरात आजही चालू आहे, पट्ट्याचा रंग तेवढा बदललाय. चौकीत पुन्हा गेलो तर आधीचे साहेब रजेवर आणि अर्ज सापडत नाही. पोच घेतली नव्हती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही चार दिवस ‘बघू पाठवतोय का’ करत बसलो. मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पार्सल उघडतानाचा एकसंध व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरू करून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पट्टा ठेवलेलाही त्यात घ्या. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपी नसेल तर त्याचा फोटो वेगळा. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं.

कारागिराने तीन आठवड्यांनीच पट्टे दिले, नगाला ९०० ला. तांब्याचे भरीव रिव्हेट, वेल्ड केलेली कडी. पावसाळ्यापूर्वी एरंडेल चोळा म्हणाला. तुटलेलं बकल, ०.४६० चं लेबल आणि कानशीच्या चऱ्याचे फोटो आयोगाच्या अर्जासोबत जोडायला काढून ठेवलेत.