व्हिडिओतले केस वेगळे करायचे की चेहरा उजळायचा: रोटो ब्रश आणि मॅजिक मास्क

व्हिडिओत मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात उडणारे केस पार्श्वभूमीपासून वेगळे करायचे असतील, तर मी आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधला रोटो ब्रश, म्हणजे रेघ ओढून हवा तो भाग निवडायचं साधनच घेईन. वेळ खातो, पण त्यातल्या रिफाइन एज या कडा बारकाईने सुधारणाऱ्या साधनामुळे बटा शाबूत राहतात. शेवटी फ्रीझ करून निवड गोठवली की मास्क, म्हणजे निवडलेला भाग, बदलत नाही. नुसता चेहरा उजळायचाय? मग दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचा मॅजिक मास्क पुरे. चेहऱ्यावर एक रेघ ओढा, पुढे-मागे ट्रॅक करा, म्हणजे निवड बाकीच्या फ्रेममध्येही चेहऱ्यामागे जाते. मात्र तो पैसे मोजून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीतच पूर्ण चालतो.

लालबागच्या मिरवणुकीत कुणी आडवं आलं की दोन्ही गडबडू शकतात. तिथे शॉट तोडून नव्या फ्रेमवर पुन्हा रेघ मारा. गुलालात कडा शोधत बसू नका, किंचित फेदर द्या, म्हणजे कडा मऊ करा. शूटिंगलाच शटर १/१०० सेकंद ठेवलं तर मोशन ब्लर, म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणा, घटतो, शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांचा लुकलुकाटही टळतो.