२४ इंची टू-स्टेज स्नो ब्लोअर: बफेलोतल्या अख्ख्या हिवाळ्यानंतर

आमच्या ओळखीत तीन-चार जणांनी हल्लीच न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या आसपास घरं घेतली आणि ऑक्टोबर उजाडला की प्रत्येकाचा तोच फोन, अगं स्नो ब्लोअर, म्हणजे दारातला स्नो उडवून बाजूला फेकणारं मशीन, कुठला घेऊ. एकेकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आम्ही मागच्या ऑक्टोबरात घेतला, नोव्हेंबर ते एप्रिल वापरला आणि बहुतेक वेळा मीच वापरला, कारण नवरा अर्धा महिना कामासाठी बाहेरगावी. म्हणजे हा अनुभव पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा आहे हे लक्षात घेऊन वाचा. बहुतेक रिव्ह्यू सहा फुटी माणसांनी लिहिलेले असतात आणि त्यांना कुठलंही मशीन "इझी टू हँडल"च वाटतं.

घर नॉर्थटाउन्समध्ये, म्हणजे बफेलोच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, ड्राइव्हवे डांबरी, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद, लांबी साधारण साठ फूट.

आता मुद्दा. दुकानात गेलं की पहिला प्रश्न विचारतात, ड्राइव्हवे केवढा आहे आणि स्नो किती पडतो. बफेलो एअरपोर्टची वर्षाची सरासरी ९५ इंचांच्या आसपास आहे, पण हा आकडा मशीन निवडायला फारसा कामाचा नाही. खरा प्रश्न असा की तुमच्या रस्त्यावर टाऊनचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो ढकलणारा ट्रक, किती वेळा फिरतो आणि जाताना तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी काय रचून जातो. सहा इंच ताजा, हलका स्नो पडला तर आमच्या ड्राइव्हवेवर हिशेबाने साधारण दीड टन वजन होतं. ऐकायला भयंकर, पण ते साठ फुटांवर पसरलेलं असतं आणि फुलका स्नो कुठलंही मशीन उडवतं. त्यानंतर प्लाऊ येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी चार फूट रुंद, दोन फूट उंच असा बांध घालून जातो. तो दाबलेला, रस्त्यावरच्या मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, मधेमधे डोक्याएवढे बर्फाचे गोळे. ताज्या स्नोच्या तिप्पट-चौपट घट्ट. त्या चार फुटांचं वजन काढलंत तर तेही दीड टनाच्या घरात जातं! म्हणजे अख्खा ड्राइव्हवे एकीकडे आणि शेवटचे चार फूट एकीकडे. इथले लोक याला ईओडी म्हणतात, एंड ऑफ ड्राइव्हवे, आणि मशीन या ढिगासाठी घ्यायचं. बाकीचा ड्राइव्हवे त्यात आपोआप होतो.

एवढं पक्कं केलं की पर्याय भराभर गळतात. वायरवाले इलेक्ट्रिक दीड-दोनशे डॉलरला मिळतात, पायऱ्या आणि डेकसाठी झकास, पण ईओडीवर त्यांचा उपयोग नाही आणि त्यात ती वायर सांभाळत फिरायचं. सिंगल-स्टेज म्हणजे ज्यात पुढे रबरी पाती फिरतात आणि तीच स्नो उचलून बाहेर फेकतात. हे मशीन हलकं, गॅरेजमध्ये जागा कमी खातं, आणि पाती थेट जमिनीला घासतात म्हणून डांबर अगदी स्वच्छ निघतं. टोरोचं पॉवर क्लिअर आमच्या गल्लीत दोघांकडे आहे आणि तीन-चार इंचांच्या दिवशी ते लोक माझ्या आधी घरात जाऊन कॉफी पितात हे मला मान्य आहे. पण ईओडीपाशी आले की तेच लोक मशीन बाजूला ठेवून शॉव्हल हातात घेतात, कारण रबरी पाती त्या गोठलेल्या बांधावरून नुसती उड्या मारतात. खडीचा ड्राइव्हवे असेल तर सिंगल-स्टेजचा विचारच करू नका, खडे उडून शेजाऱ्याच्या काचा जातील.

टू-स्टेजमध्ये पुढचं लोखंडी ऑगर, म्हणजे स्क्रूसारखं पातं, स्नो कापून मधे ओढतं आणि मागचा इंपेलर, म्हणजे पंख्यासारखं चाक, तो चुटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून बाहेर फेकतो. चाकं इंजिनवर चालतात म्हणजे ढकलायचं नसतं. वजन दोनशे-सव्वादोनशे पौंड, इंजिन अडीचशे सीसीच्या आसपास, म्हणजे पुण्यात मी चालवायचे त्या अॅक्टिव्हाच्या दुप्पट. मशीनची रुंदी २४ इंच की २८ इंच यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली. २८ने फेऱ्या कमी होतात हे खरं, पण गॅरेजमध्ये दोन गाड्यांच्या मधून काढायचा, वळवायचा आणि परत आत घालायचा तो मी, म्हणून मी २४वर अडून बसले. इंजिन सारखंच असेल तर २४ला दर इंचामागे ताकद जास्त मिळते, हेही ईओडीच्या दृष्टीने बरंच.

बॅटरीवाले टू-स्टेजही आता आलेत, इगोचा ५६ व्होल्टचा इथे बऱ्याच जणांकडे दिसतो. आवाज कमी, गॅसची (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) कटकट नाही, बटण दाबलं की चालू. मी तो घेतला नाही कारण आमच्याकडे लेक इफेक्ट, म्हणजे सरोवरावरून येणारा स्नो, सुरू झाला की सकाळी साफ केलं, दुपारी परत तेवढंच, आणि मधे बॅटरी चार्ज व्हायची वाट बघायला लागते. थंडीत बॅटरी उतरतेही लवकर. लिथियम बॅटरी शून्य सेल्सिअसखालच्या तापमानात चार्ज करायची नसते, त्यामुळे घरात आणून ठेवायची. छोटा ड्राइव्हवे असेल, जोडीला एक जादा बॅटरी घ्यायची तयारी असेल तर मात्र मी नाही म्हणणार नाही.

ब्रँडबद्दल लोक तावातावाने भांडतात. एरियन्स विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियनची कंपनी, १९६० पासून स्नोची मशिनं बनवते आणि इथे जुन्या लोकांची तिच्यावर श्रद्धा आहे, टोरोवाले वेगळे, होंडावाले त्याहून वेगळे. माझ्या मशीनचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण या तिघांतलं कुठलंही टू-स्टेज वाईट नाही आणि मी ज्या गोष्टींबद्दल लिहितेय त्या सगळ्यांनाच लागू आहेत. फक्त एक बघा, वळवायची सोय. काहींमध्ये हँडलखाली ट्रिगर असतात, ज्या बाजूचा दाबाल त्या बाजूचं चाक सुटतं, काहींमध्ये ते आपोआप होतं. जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली असतात आणि सव्वादोनशे पौंडाचं धूड अंगाने ओढून वळवावं लागतं. माझ्या उंचीच्या माणसाने ही सोय नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. दुकानात नुसतं हँडल धरून बघू नका, लीव्हर पूर्ण दाबून बघा, कोपर कुठे येतं ते बघा.

डिलिव्हरी एका मोठ्या दुकानातून झाली, जोडणी करून आणून दिलं, आणि पहिल्याच दिवशी मशीन सारखं डावीकडे ओढायला लागलं. कस्टमर केअरवाल्याने वीस मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की सवय होईल. सवय कसली! टायर गेजने बघितलं तर एका चाकात हवा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि दोन्ही बाजूंचे स्किड शूजही वेगवेगळ्या उंचीवर लावलेले. दोन्ही सारखे केले आणि मशीन नाकासमोर चालायला लागलं. स्किड शूज म्हणजे पुढच्या खोक्याच्या दोन्ही अंगांना लावलेल्या पट्ट्या, त्यांच्यावर ते तोललेलं असतं. सपाट डांबरावर खोक्याच्या तळाशी असलेल्या, जमीन खरवडणाऱ्या पट्टीखाली एक अष्टमांश इंचाची फट ठेवली की पुरते, खडीवर इंचभर तरी हवी. या फटीमुळेच टू-स्टेज खाली पातळ थर सोडतं, तो उन्हाने किंवा मिठाने जातो. नव्याने घेतलेल्यांना ते बघून मशीन बिघडलंय असं वाटतं, नाहीये बिघडलेलं.

नाताळात सासू-सासरे आले होते. सासरे चिपळूणकडचे, भातखाचरात चिखलणीला वर्षानुवर्षं पॉवर टिलर चालवलेला माणूस. मला वाटलं थंडीला घाबरतील, ते दुसऱ्या दिवशीच कानटोपी घालून ड्राइव्हवेवर हजर. मी जड ढीग आला की थ्रॉटल कमी करायचे, गाडीत ब्रेक मारतो तसं. त्यांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "अगं, इंजिनचा आवाज ऐक. जड झाला की गिअर खाली घे, थ्रॉटलला हात लावू नकोस."

"पण बाबा, फार जोरात चालतंय असं वाटतं."

"चालू दे. जोर फेकायला लागतो, पुढे जायला नाही."

मॅन्युअलमध्ये हेच दोन पानं भरून लिहिलंय. थ्रॉटल कायम सशाच्या चित्रावर, म्हणजे पूर्ण, वेग गिअरने कमी करायचा. ईओडीत पहिला गिअर, पूर्ण रुंदी न घेता अर्धीच घ्यायची, आणि ढीग मशीनच्या खोक्यापेक्षा उंच असेल तर आधी शॉव्हलने वरचा थर पुढ्यात पाडायचा. खोक्याची उंची वीस-एकवीस इंच असते, त्यावरचं काहीही मशीन खाणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथून अर्ध्या तासावरच्या ऑर्चर्ड पार्कला चारेक दिवसांत ८० इंचांच्या आसपास स्नो पडला आणि बिल्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमची, मॅच डेट्रॉइटला न्यावी लागली, तेव्हा साउथटाउन्समध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या उपनगरांत, चांगली चांगली मशिनं गॅरेजच्या दारातच थांबली होती असं तिकडचे लोक सांगतात. लेक इफेक्टचा पट्टा इतका अरुंद असतो की त्याच वादळात शहराच्या उत्तरेला त्या मानाने फारच कमी पडला. तेव्हा साउथटाउन्समध्ये घर घेणाऱ्याने माझं २४ इंची ऐकू नये, सरळ २८ घ्यावं आणि इंजिनही मोठं घ्यावं.

मशीनने मला खरा त्रास दिला तो मार्चमध्ये. तापमान फॅरेनहाइटमध्ये चौतीस-पस्तीस, दोन इंच पाणीदार स्लश, आणि दर दहा फुटांवर चुट तुंबायची. एवढा महागाचा घोडा दोन फूट घट्ट बांध खातो आणि दोन इंच चिखलात अडतो, याची चिडचिड होते. कारण असं की स्लश थोडा असला की इंपेलर भरत नाही, मग तो जोरात फेकला न जाता चुटच्या भिंतीला चिकटतो. सुरू करण्याआधी चुट आणि ऑगरवर सिलिकॉन स्प्रे मारणं आणि अशा दिवशी उलट जरा भरभर चालून जास्त माल आत घेणं, याने बराच फरक पडतो. ब्रोशरमधल्या चाळीस-पन्नास फूट फेकीचं अशा दिवशी नावही काढू नका, लॉनच्या कडेला पडलं तरी खूप.

आणि तुंबलं की हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. आत अडकलेल्या पात्यावर ताण शिल्लक असतो, अडथळा निघाला की ते झटक्यात फिरतं. अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक याच कारणाने बोटं घेऊन इमर्जन्सीत जातात. मशीनवरच प्लास्टिकची काठी लावलेली असते, इंजिन बंद करून, पाती थांबल्यावर तीच वापरायची. आमच्याकडे घरात नियम आहे, काठी जागेवर नसेल तर मशीन सुरू करायचं नाही.

जानेवारीत ऑगरची एक बाजू फिरायची थांबली. फुकट वाटला जाणारा जाहिरातींचा पेपर प्लास्टिकच्या पिशवीसकट स्नोखाली गोठून बसला होता, तो आत गेला. शिअर पिन, म्हणजे ऑगरला दांड्याशी जोडणारी खिळी, तुटली, आणि ती तुटण्यासाठीच असते, नाहीतर गिअरबॉक्स गेला असता. जादा पिना घेऊन ठेवलेल्या होत्या, हातोडी आणि पाना घेऊन दहा मिनिटांत बदलली. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला दणकट बोल्ट लावायचा मोह होतो, तो मात्र लावू नका, बोल्ट टिकेल आणि गिअरबॉक्स जाईल. पायपुसणी, वायर, मुलांचे ग्लव्हज हे सगळं पहिल्या स्नोआधी उचला, आणि ड्राइव्हवेच्या कडेला मार्करच्या काठ्या जमीन गोठायच्या आत ठोका. स्नो रस्त्यावर फेकायला न्यूयॉर्क राज्यात कायद्याने बंदी आहे, त्यामुळे चुटची दिशा आणि वारा बघूनच सुरुवात करा, नाहीतर सगळा स्नो आपल्याच तोंडावर.

ड्राइव्हवे साफ करून देणाऱ्या प्लाऊवाल्याचा कॉन्ट्रॅक्ट लावावा का असंही विचारतात. आमच्या भागात सीझनला चार-पाचशे डॉलरच्या आसपास सांगतात, म्हणजे मशीनचे पैसे तीन हिवाळ्यांत निघतात. पण डिसेंबर २०२२च्या ब्लिझार्डमध्ये प्लाऊ आणि अॅम्ब्युलन्ससुद्धा रस्त्यात अडकल्या, एरी काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टवाला येणार नाही, दार आपल्यालाच मोकळं ठेवायला लागतं. फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, बाहेरचा पाइपही, तो स्नोने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याच कारणाने ब्लोअरही गॅरेजच्या आत सुरू ठेवायचा नाही, बाहेर काढूनच.

एप्रिलअखेर टाकीतला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवलं, तेल बदललं, स्किड शूज झिजले होते ते उलटे करून लावले. इथेनॉलवाला गॅस उन्हाळाभर कार्ब्युरेटरमध्ये बसला की पुढच्या नोव्हेंबरात मशीन सुरू होत नाही आणि तेव्हा डिलरकडे तीन आठवड्यांची रांग असते. आता इंपेलरच्या पात्यांना लावायचं रबरी पट्ट्यांचं किट मागवलंय, त्याने पात्यांची आणि खोक्याची मधली फट कमी होते आणि स्लश तुंबत नाही असं म्हणतात. सप्टेंबरमध्ये बसवणार, मार्चमध्ये कळेल.