चुनखडीच्या जमिनीत बागेच्या कडेला काय टिकलं: जून ते मे

चुनखडीच्या जमिनीत लावलेल्या झाडाबद्दल पहिल्या दोन-तीन महिन्यांत मत बनवू नका. नर्सरीच्या पिशवीत लाल माती नाहीतर कोकोपीट असतं. मुळं त्या गोळ्यातच असेपर्यंत चुना न मानवणारा एक्झोरासुद्धा हिरवागार दिसतो. बाहेरच्या मातीत शिरली की खरा निकाल लागतो. म्हणून जूनमध्ये लावलेली कड पुढच्या मे अखेरपर्यंत पाहूनच हे लिहिलं आहे.

जमीन सोलापूरकडची, काळी, फूटभर खाली पांढरट मुरूम. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.3 आणि मुक्त चुना 14 टक्के; 10 च्या वर गेला की जास्तच समजायचा. अहवाल हाताशी नसेल तर कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे.

गंधक टाकून सामू उतरवायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. एक चौरस मीटर जागेत 15 सेंमी खोलीची माती साधारण 200 किलो भरते. त्यात 14 टक्के म्हणजे 28 किलो चुना. तो संपवायला जवळपास 9 किलो गंधक लागेल, आणि त्याची आम्लता तयार व्हायलाच कित्येक महिने जातील. जिप्समचाही इथे उपयोग नाही. ते चोपण जमिनीतला सोडियम हटवण्यासाठी असतं. चुन्याशी भांडण्यापेक्षा त्यात रमणारं झाड निवडावं, हे आमचं ठाम मत.

सगळ्यात उजवं ठरलं ल्युकोफायलम, म्हणजे रुपेरी पानांचा टेक्सास सेज. हे मूळचं चुनखडीच्या माळरानावरचंच झुडूप, त्यामुळे पानावर पिवळेपणाचा मागमूस नाही. हवा दमट झाली की जांभळ्या फुलांनी भरून जातं. पण मुळाशी पाणी साचलं की आठवडाभरात फांद्या वाळतात. म्हणून 20 सेंमी उंच वरंबा करून, दोन झाडांत 90 सेंमी अंतर ठेवूनच लावावं. काळ्या मातीत ही अट टाळता येत नाही.

पिवळा टिकोमा, कन्हेर आणि कडू मेंदी यांनी काहीच तक्रार केली नाही. कन्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. तिचे सगळे भाग विषारी आहेत, लहान मुलं किंवा जनावरं असतील तिथे नकोच. पुढच्या ओळीला झिनिया आणि पसरणारा जांभळा लँटाना चांगले.

सदाफुली कुठेही येते असं म्हणतात. देशी सदाफुली आलीही, पण संकरित वाण ऑक्टोबरपासून फिकट पडले. बोगनवेल फुलली, नवी पानं मात्र पिवळसरच. जास्वंद औषधावर जगते. एक्झोरा आणि अनंत जमिनीत लावूच नका.

हा पिवळेपणा ओळखायला सोपा: कोवळं पान पिवळं, त्यावर शिरांची हिरवी जाळी, जुनी पानं ठीक. शेतकरी यालाच केवडा म्हणतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. अशा वेळी युरिया देऊ नका, पिवळेपणा हटत नाही. जास्त पाणी दिलं तर तो वाढतोच.

फवारणीसाठी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर. आधी आम्ल विरघळवा. फेरस सल्फेट फिकट हिरवं असावं. तपकिरी पडलेलं घेऊ नका. 10-12 दिवसांनी पुन्हा मारावं लागतं, कारण नंतर फुटलेल्या पानांना त्याचा लाभ होत नाही. मुळाशी द्यायचं तर पुडक्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेट (लोह मुळांना घेता येईल असं धरून ठेवणारं खत) घ्या. ‘ईडीटीए’ स्वस्त मिळतं, पण एवढ्या सामूला ते लोह धरून ठेवत नाही. मध्यम जास्वंदीला 5 ग्रॅम पुरतं. पाण्यात टाकल्यावर गडद लाल रंग येतो. कपड्यांवर आणि फरशीवर सांडू देऊ नका.

बोअरचं पाणी जड असेल तर प्रत्येक पाळीला थोडा चुना भरच घालतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते जास्वंदीसाठी आणि कुंडीतल्या एक्झोरासाठी राखून ठेवा. कन्हेर, टिकोम्याला बोअरचं चालतं.