लेकीचं धनुष्य: खानापुरातल्या सुतारकाकांचं काम आणि चपटा लाँगबो

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. माझी लेक तेरा वर्षांची. बांबूच्या धनुष्यानं खेळतात तो तिरंदाजीचा इंडियन राउंड, ३० आणि ५० मीटरचा, तिनं बघितला आणि धनुष्य हवं म्हणून बसली. बाजारातलं फायबरचं आणलं, ते तिला आखूड पडलं. मग खानापूरच्या बाजूला एका खेड्यात कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे करणाऱ्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी आमच्यासाठी दोन धनुष्यं केली. पहिलं फसलं, ते मी दिलेल्या आराखड्यामुळं. दुसरं लेक गेले सात महिने वापरते आहे. पहिल्यांदाच धनुष्य करून घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहितो.

पहिल्या वेळी मी इंग्लिश लाँगबोचं चित्र नेलं होतं. उंच, सडपातळ, पोटाकडून गोल. (धनुष्याची आपल्याकडची बाजू म्हणजे पोट, निशाण्याकडची पाठ.) दिसायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ती घडण यू नावाच्या झाडाची आहे. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं, आतला गाभा दाब सोसतो, आणि दोन्ही एकाच फळीत मिळतात. १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यातून शंभरावर असे लाँगबो मिळाले. ते धट्ट्याकट्ट्या, लहानपणापासून सराव केलेल्या सैनिकांचे होते. आमच्याकडं यू नाही आणि लेक सैनिक नाही.

गोल पोटात सगळा दाब मधल्या अरुंद पट्टीवर येतो. आमच्या लाकडाचं पोट तिथंच दबलं आणि दोरी उतरवली तरी धनुष्य अडीच इंच वाकलेलं राहिलं. सामान तोलायचा काटा दोरीला अडकवून २४ इंचांपर्यंत ओढलं तर साडेसोळा किलो भरले, म्हणजे ३६ पौंड. तिचे खांदे थरथरायचे, डावा हात वर जायचा. अशा धनुष्यावर मूल शिकत नाही, चुकीच्या सवयी लावून घेतं.

परत गेलो तेव्हा काका म्हणाले, "हे तुमच्या हाताचं झालंय. पोरगीच्या हाताचं करूया की."

दुसऱ्या वेळी मी आधी मापं घेतली. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत १५२ सेंटीमीटर. त्याला अडीचनं भागलं की ६१, म्हणजे २४ इंच. एवढी तिची ओढ, म्हणजे दोरी ओढण्याचं माप. धनुष्याची लांबी ६६ इंच धरली, म्हणजे लाकडावर ताण कमी. आणि घडण घेतली चपटी: मुठीजवळ ४० मिलिमीटर रुंद, तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळती, जाडी मात्र सगळीकडं सारखी, ११ मिलिमीटरच्या आसपास.

ही घडण नवशिक्यासाठी का, ते लेथवाल्याच्या भाषेत सांगतो. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी ४० ची ३९ झाली तर अडीच टक्के फरक. जाडी १२ ची ११ झाली तर ताठपणा जवळजवळ पाऊणच उरतो! गोल पोटाच्या धनुष्यात कानस जिथं फिरते तिथं जाडीच जाते, म्हणजे एक हात जास्त बसला की त्या जागी कायमचा बाक. चपट्या, निमुळत्या घडणीत जाडी एकदा रंध्यानं सारखी केली की पुढं कडा घासत जायचं. टोकाकडं भार कमी होत जातो आणि रुंदीही त्याच हिशोबानं कमी होते, म्हणून भुजा (मुठीपासून टोकापर्यंतचा भाग) सगळीकडं सारखी वाकते. डोळ्याला नुसतं गोलाईचं वळण दिसलं पाहिजे. कुठं कोपरा दिसला की काम थांबवायचं.

काकांचं खरं कौशल्य लाकडात दिसलं. त्यांनी धामण काढली, स्वतःच्या बांधावरची, दोन वर्षं माळ्यावर वाळलेली. धामण लवचिक, दांड्यांना आणि कावडीला चालते. संस्कृतात तिचं नावच धन्वन. त्यांनी ती करवतीनं कापली नाही, पाचर मारून फोडली, म्हणजे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवतीनं तंतू तिरके तुटले की धनुष्य तिथंच चिरतं. पाठीला त्यांनी जाड कळकाची फाक अराल्डाइटनं चिकटवली, वरची साल शाबूत ठेवून. बांबूचे दाट तंतू सालीलगतच असतात, ती साल तासली तर पाठच गेली.

मग भिंतीवरच्या खुंटीवर धनुष्य टांगून, कप्पीतून दोरी ओढत वळण बघणं. दर वेळी थोडंसं घासायचं, वीस-तीस वेळा ओढून सोडायचं, पुन्हा बघायचं. काका एका दुपारी चार तास हेच करत होते. मी काटा धरून बसलो होतो, आणि मला ते माझ्या कामासारखंच वाटलं. शेवटी २४ इंचांवर बरोबर १० किलो भरले, २२ पौंड.

तक्रारी दोनच. तीन आठवडे म्हणाले आणि सहा लागले. आणि मूठ लहान हाताला जाड झाली. ती मी घरी कानसून, चामडं गुंडाळून घेतली. तीन हजार रुपये दिले, ते जास्त वाटले नाहीत.

पावसाळ्यात धनुष्य थोडं मऊ पडलं, ऑगस्टमध्ये काट्यावर नऊ किलो भरले. दिवाळीनंतर पुन्हा दहा. जवसाच्या तेलाचे चार हात दिलेत. सराव झाला की दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवतो, कोपऱ्यात कधीच टेकवून ठेवत नाही. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, हे लेकीनं मैत्रिणींनाही शिकवलंय.

सध्या भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली गंजी आणि दहा मीटर एवढंच. सहापैकी चार-पाच बाण वितभर वर्तुळात बसतात, आणि साठ बाण झाले तरी खांदा दुखत नाही.

काकांकडं जाणार असाल तर पाऊस उतरल्यावर जा, आणि मुलाला बरोबर न्या. हात पसरायला लावून ते स्वतः माप घेतात.