कंपोझिट डेकची पावसाळ्यानंतरची सफाई: रत्नागिरीच्या एका सेवेविषयी

मालगुंडच्या किनाऱ्यालगत आमचे पाहुण्यांसाठीचे घर आहे आणि त्याच्या समुद्राकडच्या बाजूस कंपोझिट फळ्यांचा डेक आहे. या फळ्या विकणारे ‘देखभाल अजिबात लागत नाही’ असे छातीठोकपणे सांगतात. त्यातले निम्मेच खरे मानावे. दरवर्षी तेलपाणी किंवा पॉलिश करावे लागत नाही, हे कबूल. पण लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या या मिश्रणावर धूळ, पराग आणि पाल्याचा कुजका थर बसला, की त्यावर बुरशी धरतेच, आणि जिथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोसळतो, त्या रत्नागिरी परिसरात गणपतीपर्यंत डेक निसरडा होऊन बसतो. यंदा पाऊस ओसरल्यावर रत्नागिरीच्या एका सफाई सेवेला हे काम दिले.

कामाची सुरुवात पाहून समाधान वाटले. मुकादमाने आल्याबरोबर पायरीपाशी वाकून फळीचे कापलेले टोक पाहिले. टोकाला कडेने वेगळ्या रंगाचा पातळ थर दिसला, तर ती प्लास्टिकचे आवरण असलेली फळी. आतबाहेर एकच पोत दिसला, तर ती जुन्या पद्धतीची, आवरण नसलेली आणि पाणी शोषणारी. आमचा मुख्य डेक आवरणाचा आहे, पायऱ्या मात्र जुन्या फळ्यांच्या, हे त्याने न सांगता ओळखले. त्यानंतर पाण्याला हात न लावता दोघांनी प्लास्टिकच्या पट्टीने फळ्यांमधल्या फटी मोकळ्या केल्या. किनाऱ्यावरच्या सुरूच्या काड्या या फटींत अशा घट्ट बसतात, की पाण्याचा निचरा बंद होतो, खालची हवा कोंडते आणि बुरशी वर दिसण्याआधी खालून वाढू लागते. सबंध कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. घरच्या खराट्याने एवढे होत नाही.

पुढे कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश, तोही फळीवरच्या रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर रेषांत मळ उलट दाबला जातो. साबणाचा फेस वाळू न देता धुऊन काढला, हेही योग्यच, कारण वाळलेल्या फेसाचा पांढुरका पापुद्रा राहतो. सोलकढीचे डाग आणि तळलेल्या माशांच्या तेलाचे ठिपके एवढ्यात बरेच गेले. जांभ्याच्या तांबड्या धुळीचे आणि लोखंडी खुर्च्यांच्या पायांखालचे गंजाचे डाग साबणाला दाद देत नाहीत. त्यांवर त्यांनी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण आधी कोपऱ्यात लावून पाहिले, मग हातमोजे घालून डागांपुरते वापरले आणि भरपूर पाण्याने धुतले.

तक्रारी दोन आहेत. पहिली प्रेशर पंपाची. पाण्याचा झोत पंख्यासारखा पसरणारा असावा आणि नळीचे तोंड फळीपासून निदान वीतभर दूर असावे, हे मुकादमाला ठाऊक होते. त्याच्या हाताखालच्या मुलाला मात्र कोणी सांगितलेले दिसले नाही. त्याने पायऱ्यांवर झोत इतका जवळून मारला, की आवरण नसलेल्या फळीच्या कडेला भुशाचे तंतू उभे राहिले. असा खरखरीत झालेला पृष्ठभाग पुढच्या पावसात अधिकच पाणी धरणार. काळ्या ठिपक्यांसाठी क्लोरीन ब्लीचचा कॅनही उघडायला निघाले होते, तो मी थांबवला. ब्लीचने बुरशीचा काळेपणा जातो, पण फळीचा रंगही उतरू शकतो आणि धातूच्या स्क्रूंना ते मानवत नाही. कपड्यांसाठी मिळते तशी ऑक्सिजनयुक्त पावडर पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवली, तर तेच काम बेताने होते. शेवटी तीच वापरली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. पत्रकावर ‘सफाई व देखभाल’ असे छापले असूनही स्क्रू आणि खालचा सांगाडा कोणी पाहिला नाही. खाऱ्या वाऱ्यात साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही तपकिरी डाग येतात, म्हणून समुद्राकाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्क्रू वापरावेत असे सांगतात. आमच्या काही स्क्रूंच्या डोक्यांभोवती असे डाग स्पष्ट दिसत होते. ते पुसून काढले गेले, पण डाग कशाने पडले याची चौकशी झाली नाही.

आकारणी चौरस फुटावर होते आणि येण्याजाण्याचे भाडे वेगळे पडते, त्यामुळे लहान गॅलरीसाठी ही सेवा महागच ठरेल. लहान गॅलरी असलेल्यांनी फटी साफ करून साबणपाणी घरीच वापरावे. मोठ्या डेकसाठी वर्षातून एकदा, दसऱ्यानंतर फळ्या पुरत्या सुकल्यावर बोलावण्याजोगी ती जरूर आहे. वार्षिक करारात त्यांनी जूनची एक फेरी घातली होती, ती मी काढायला लावली, कारण भर पावसात केलेली धुलाई फार दिवस टिकत नाही. तिच्या जागी मे महिन्यात स्क्रू आणि सांगाडा तपासण्याची फेरी लेखी मागितली, आणि मुकादमाने कुरकुर न करता करारावर तसे लिहून दिले.